दोघांपुरती बैठक

शिंगाडा तलाव, नाशिक
१६ नोव्हेंबर १९८०

चि. सहादू,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल आणि पुढचं वाच.

बोट दोनशे चाळीस रुपयांना पडली. कॅम्पातून आणायला टेम्पोवाल्याने पस्तीस घेतले. टेम्पोत मावेना म्हणून मागचा फाळका काढला, तो परत बसवायला वेल्डरला पाच. दोनशे ऐंशी झाले म्हणशील, तर नाही. तुझी वहिनी नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि त्या नऊ दिवसांत पाडवा येऊन गेला. शकूने ओवाळलं, पण तोंड भिंतीकडे करून. निरांजनाने माझी डावी मिशी शेकून निघाली. आता खरी किंमत काय पडली ते तूच ठरव.

होय, बोटच. देवळाली कॅम्पात एका क्लबाने जुनं सामान लिलावात काढलं होतं. मी गेलो होतो खुर्च्या बघायला. खुर्च्या एका पारशाने नेल्या. कोपऱ्यात ही पालथी पडलेली, बारा फुटी, लाकडी, वल्ह्यांची. अंग शाबूत, पण बसायच्या तिन्ही फळ्या कुजून गेलेल्या. हात लावला तर बिस्किटासारखा चुरा. बोली करणारा मी एकटाच. हातोडा पडला तेव्हा हातोडेवाला सुद्धा माझ्याकडे दयेने बघत होता.

आता ती आपल्या सीटच्या दुकानामागच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे. शेजारचे पंपवाले म्हणतात, ‘खंडेराव, नावापुरत्या शिंगाडा तलावाला पाणी तेवढं राहिलं होतं आणायचं, बोट आली.’ म्हणू देत. तुला आठवतं का ते सांग. मी कॅम्पात खेचरांची खोगिरं शिवायला होतो, तू दहा वर्षांचा, माझा डबा घेऊन यायचास. दारणा नदीच्या काठाला एक साहेब बोट सोडत होता आणि तू सरळ जाऊन विचारलंस, ‘आम्ही बसू?’ तो म्हणाला, ‘जागा नाही.’ बोटीत तो एकटा होता. परत येताना तू म्हणालास, ‘दादा, आपण कधी बसायचं?’ मी म्हणालो, ‘कमवू तेव्हा.’

तर आता जागा आहे. बसायला बैठक नाही, एवढंच.

चार वर्षं झाली तुला मस्कतला जाऊन. दर तीन महिन्यांनी बँकेचा ड्राफ्ट येतो आणि सोबत एकच ओळ: ‘पैसे पाठवले आहेत, मिळाल्याचे कळवावे.’ का लिहीत नाहीस ते मला ठाऊक आहे. विंचूरचा विषय मी काढत नाही. मी फक्त बोटीचं विचारतो. तू लाँचवर काम करतोस. तुझा तो फोटो, मागे पांढरी लाँच आणि पुढे तू कमरेवर हात ठेवून, आईच्या उशाखाली असतो. तेव्हा तूच सांग, पाण्यातली बैठक कशी करतात? खर्च कमीत कमी धर. शकूने पुढच्या पाडव्याचं आधीच सांगून ठेवलंय.

उत्तर लिहिशील तेव्हा नीट लिही. माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्यावरून जीप गेली तर आत बसून सांगतो कुठल्या सीटची स्प्रिंग तुटलीय. कागदाचंही मला ऐकू येतं.

तुझा,
दादा

---

मस्कत
९ डिसेंबर १९८०

ती. दादांस,

सा. न. आपलं पत्र मिळालं. बोट घेतल्याचं वाचून नवल वाटलं.

इथे माझं ठीक चाललं आहे. लाँचच्या कारखान्यात बैठकीचं सगळं काम माझ्याकडेच असतं. हाताखाली सहा माणसं आहेत. लाँच तयार झाली की चाचणीला मलाच पाण्यात न्यावी लागते, त्यामुळे दिवसातले आठ तास समुद्रावरच जातात. आता जमिनीवर पाय ठेवला की जमीनच हलल्यासारखी वाटते.

बैठकीचं असं. खाली स्प्रिंगा बसवायच्या, वर चार इंची स्पंज, वर रेक्झिन. रेक्झिन खालून चुका मारून ताणून घ्यायचं. इथल्या शेख लोकांना मऊ लागतं. फळी कुठलीही चालेल.

आईस नमस्कार. वहिनींस नमस्कार. ड्राफ्ट सोबत आहे.

आपला,
सहादू

---

शिंगाडा तलाव, नाशिक
४ जानेवारी १९८१

चि. सहादू,

‘आपलं पत्र मिळालं’, ‘आपला सहादू’. तू मला ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलास? माझ्या डब्यातली भाकर अर्धी खाऊन ‘दादा, आई तुला कमीच देते’ म्हणणारा तूच ना? असो. पत्र आलं. दोन पानी आलं. आईने ते आधी हुंगलं, मग मला वाचायला दिलं. ‘माशाचा वास नाय येत,’ म्हणाली. मी म्हटलं, शेखकडे साबण असतो.

तू सांगितलंस तशी पहिली बैठक केली. स्प्रिंगा एका मोडीत काढलेल्या बसच्या सीटमधल्या, स्पंज चार इंची, रेक्झिन जिपांच्या कामातलं उरलेलं, म्हणून एक बाजू हिरवी आणि एक तपकिरी. फळ्या मात्र भारी मिळाल्या. तोफखान्यातून दारूगोळ्याची रिकामी खोकी भंगारात येतात. देवदारी लाकूड, आणि ते किलोवर. पट्टीवर पांढऱ्या रंगात आकडे छापलेले आहेत, ते तसेच ठेवलेत. तोफेवर बसल्याचं समाधान.

मग हौदात बुडवून बघितली. कोरडी होती तेव्हा सव्वादोन किलो, बुडवून काढली तर अकरा. भंगारवाल्याच्या काट्यावर तोलली, म्हणजे खात्रीचं. वाळायला चार दिवस लागले आणि शेडमध्ये ओल्या बोकडाचा वास. आठवडाभरात चुका गंजून रेक्झिनवर तांबूस थेंब आले. शकू बघायला आली, म्हणाली, ‘हिला विंचू चावला काय?’ म्हणजे ती बोटीबद्दलही बोलायला लागली. पैसे वसूल.

दोष माझ्याच हाताचा असणार. तू तिथे रोज करतोस, तुझं चुकेल कसं? तेव्हा पुन्हा सविस्तर सांग. बैठकीची रुंदी किती ठेवायची? एकाची करू की दोघांची? मधली बैठक वल्हवणाऱ्याची, ती मी बसवतो. मागची मी अजून मोकळी ठेवलीय. तिथे कोण बसेल ते ठरल्याशिवाय माप घेता येत नाही, हे तूही मान्य करशील.

आईला हल्ली कानाला कमी येतं. मोठ्याने वाचावं लागतं. पण तुझं पत्र म्हटलं की स्वयंपाकघरातून येते.

दादा

---

मस्कत
३० जानेवारी १९८१

ती. दादांस,

सा. न. पत्र मिळालं. इथे काम वाढल्यामुळे थोडक्यात लिहितो.

मागची बैठक दोघांचीच करा. दोघं नीट बसतील एवढी जागा बघा. फार दिवस विचार करत राहू नका, बैठक पक्की करून टाका. माझी वाट पाहू नका. खर्चाकडे बघू नका, पुढचा ड्राफ्ट वाढवून पाठवतो.

आईचे कान डॉक्टरांना दाखवा.

आपला,
सहादू

---

शिंगाडा तलाव, नाशिक
२२ फेब्रुवारी १९८१

चि. सहादू,

हे पत्र बसून वाच. जवळ स्प्रिंगवाली बैठक असेल तर तिच्यावर बस, माझ्यापेक्षा तुझी बरी झाली असेल.

गेल्या रविवारी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. नेहमीसारखं, मोठ्याने. ‘बैठक पक्की करून टाका. माझी वाट पाहू नका. दोघं नीट बसतील एवढी जागा बघा. खर्चाकडे बघू नका.’ वाचून झालं आणि आईकडे बघितलं. ती पदर तोंडाशी धरून बसलेली. म्हणाली, ‘सहादूनं बैठक पक्की करा म्हनलं ना? मंग? बसलाय काय?’

आता खरं लिहितो. तिने काय ऐकलं ते मला त्याच क्षणी कळलं. ‘आई, बोटीची गं बैठक,’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मी कागदाची घडी घातली आणि चहा मागितला.

मंगळवारी ती ‘काळारामाला जाऊन येते’ म्हणून निघाली. पिशवीत नारळ दिसला, देवाला असेल म्हटलं. खण मला दिसला नाही, तो खाली होता. अंधार पडायच्या सुमारास परत आली, पायाला विंचूरची धूळ. एकटी, एसटीने, कंडक्टरला ‘इंचूर आलं का, इंचूर आलं का’ विचारत. पायरीवर बसून म्हणाली, ‘मैनेचं अजून कुठं जमलं नाय. शाळंत मास्तरीन हाय. मी बैठकीचं बोलून आले.’

तो विषय काढणार नाही म्हणालो होतो. आता तोच घरात येऊन बसला, तर काढतो. पाच वर्षांपूर्वी, मे महिन्यात, त्या घरात तुझ्या लग्नाची बैठक होती. तू मैनेला बघून घेतलं होतंस. मी तुझ्याकडे बघत नव्हतो, पण तुझा श्वास ऐकला होता. आणि मला त्यांनी दाराजवळ बसवलं. आत पाहुण्यांना गाद्या, आणि मला दारात, कांद्याच्या पोत्याच्या घडीवर. मी उठलो. काय म्हणालो तेही मला पाठ आहे: ‘साऱ्या जिल्ह्याच्या जिपांना बैठका देतो मी, आणि मला तुमच्याकडे बूड टेकायला जागा नाही?’ मी उठलो म्हणून आई उठली, आई उठली म्हणून तुला उठावं लागलं. नारळ तिथेच घरंगळला. तीन महिन्यांनी तू मस्कतला.

माझ्या दुकानावर पाटी आहे, मीच लिहून घेतलेली: ‘आमच्या बैठकीवरून माणूस उठत नाही.’ रोज शटर वर करताना ती वाचतो मी.

मैनेच्या वडिलांनी, अण्णा दरेकरांनी, आईला सांगितलंय, मुलगी स्वतः लिहील. तिचं पत्र आलं की कळवतो. तू रागावशील. राग, पण लिही.

दादा

---

विंचूर
४ मार्च १९८१

श्री. खंडेराव निमसे यांस,

मैना दरेकरचा नमस्कार.

तुमच्या मातोश्री आल्या, त्यांनी आमच्याकडे जेवण केलं आणि आईला ठेच्याची पद्धत सांगून गेल्या. त्या बैठकीचं बोलल्या. मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, कारण बैठक मोडली त्यांनी नव्हती. म्हणून तुम्हाला लिहिते.

तुम्ही त्या दिवशी दाराजवळच्या जागेवरून उठलात. ती जागा माझ्या आजोबांची. मे महिना होता, आत पत्रा तापलेला, आणि घरात वारा तेवढा एकाच जागी येतो. आजोबा गेल्यापासून तिथे कोणाला बसवलं नव्हतं. अण्णा म्हणाले, नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ बापाच्या जागी आहे, त्याला तिथे बसवा. पोतं वर होतं, कारण आजोबा पोत्यावरच बसत. पोत्याखाली माझ्या हातची गोधडी चार घड्या करून घातली होती. तुमचं बोलणं जिल्हाभर ऐकू येईल एवढ्या आवाजात झालं, त्यामुळे आम्हाला काही सांगता आलं नाही.

तुमचे कान फार तिखट आहेत असं ऐकते.

माझं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, जे काही असेल ते तुमच्या भावाने त्याच्या अक्षरात लिहावं. तुमच्या अक्षरात नको. दुसरं, तुम्ही पुन्हा बैठकीला याल तर बसणार कुठे, ते आधी ठरवून या.

शाळेची घंटा झाली. थांबते.

मैना

---

शिंगाडा तलाव, नाशिक
१० मार्च १९८१

चि. सहादू,

मैनेच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. अक्षर माझं, शब्द तिचे, एकही गाळलेला नाही. गोधडीची ओळ मी तीनदा वाचली. आयुष्यभर सीटखाली काय भरलंय ते वरून थाप मारून ओळखत आलो, आणि ज्या एका बैठकीवर खरंच थाप मारून बघायला हवी होती तिथे नुसता उठलो.

पत्ता पत्रावर आहे. यापुढे मी मध्ये नाही.

दादा

---

मस्कत
६ एप्रिल १९८१

दादांस,

मी बोटीच्या बैठकीचं लिहिलं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं. आईला तुम्ही मुद्दाम तसं समजू दिलंत.

एकदा तुम्ही माझं जमलेलं मोडलंत. आता न जमलेलं जोडताय. दोन्ही वेळा मला विचारलं नाही. त्या घरातल्या मुलीला पाच वर्षांनी पुन्हा दारात उभं केलंत. माझा करार, माझा मुकादम, माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात, हे तुम्हाला कुठून कळणार?

आईला खरं सांगा. यापुढे बोटीबद्दल लिहू नका.

सहादू

---

शिंगाडा तलाव, नाशिक
१८ ऑक्टोबर १९८१

चि. सहादू,

सहा महिने लिहिलं नाही. तुझे दोन ड्राफ्ट आले, सोबत ओळसुद्धा नव्हती. मला कागदाचं ऐकू येतं म्हणालो होतो. कोऱ्या कागदाचंही येतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. दिवाळी तोंडावर आलीय म्हणून हिंमत करतो. बोटीबद्दल लिहू नको म्हणालास, पण माझ्याकडे दुसरं खरं काही नाही, म्हणून लिहितो.

आधी आईचं. तुझं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला सांगितलं, ‘आई, ती बैठक बोटीची होती. मी तुला बोललो नाही.’ ती मटकी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘मला काय कळत नाय व्हय? तवाच कळलं व्हतं. तुम्ही दोघं भाऊ बोटीचं लिवत बसनार, अन् मी मरनार. कानाला कमी येतं, डोक्याला नाय.’ मी हसलो, तर रागावली. मग म्हणाली, ‘तो येतो का नाय तेवढं सांग.’ ते तूच लिही.

आता माझं. सहादू, वीस वर्षं मी सीटा बनवतो. स्पंज पाणी पितो आणि लोखंडी चूक गंजते, हे मला तू सांगायला हवं होतं का? तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच कळलं की तू लाँचची बैठक जवळून बघितलेली नाहीस. स्प्रिंगा! समुद्रात! तरी मी तू सांगितलंस तशी केली. मला बैठक नको होती, तुझं पत्र हवं होतं. तू चुकीचं सांगितलंस की मला पुन्हा विचारता येतं. बरोबर सांगितलं असतंस तर एका पत्रात संपलं असतं. तू तिथे काय करतोस ते मी विचारत नाही. जे करत असशील ते करून आम्हाला पाठवतोस, माझ्या हिशेबी तेवढं पुरे.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, विंचूरला जाऊन आलो. बैठकीला नाही, नुसता. दारातच विचारलं, ‘ती जागा कुठली?’ अण्णांनी हात केला. पोतं अजून तिथेच. बसलो. खरंच वारा येतो रे तिथे. समोर कांद्याच्या चाळी, त्यावरून वारा फिरून येतो आणि मानेला लागतो. दीड तास झाला, पायाला मुंग्या आल्या, उठलो नाही. शेवटी मैनेने चहा आणला आणि कप ठेवता ठेवता विचारलं, ‘खंडेरावभाऊ, तुमच्या भावाला कांदा चिरता येतो का?’ काय हा प्रश्न! मी म्हटलं, तो मोठ्या हुद्द्यावर आहे, कांदा कशाला चिरेल? तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. मास्तरणींचं डोकं वेगळंच चालतं.

आणि बैठक. ती आईने केली. मी तिसऱ्यांदा रेक्झिन ताणत होतो. आई शेडमध्ये येऊन उभी राहिली, म्हणाली, ‘पान्यात गादी कशाला रे? बाज विन. पानी येईल अन् जाईल.’ चार शब्दांत संपलं. देवदारी पट्ट्यांची चौकट केली, तिला अळशीचं तेल तीन हात पाजलं, जुन्या खोक्यांचेच पितळी स्क्रू लावले. त्यावर नायलॉनची नवार बाजेसारखी विणली. विणली आईने, मी फक्त ओढ धरली. हौदात बुडवून काढली, पाणी निथळलं, पाव तासात कोरडी. रेक्झिन, स्पंज, स्प्रिंगा यांत जेवढे घातले त्याच्या निम्म्यात तिन्ही बैठका झाल्या.

मागची दोघांपुरती आहे. विटांवर उभ्या असलेल्या बोटीत आई रोज दुपारी जाऊन बसते, त्या मागच्या बैठकीवर, एका कडेला. मी म्हटलं, ‘आई, मध्ये बस, ऐसपैस.’ म्हणाली, ‘राहू दे. जागा धरलीय.’ एसटीत रुमाल टाकतात तशी.

बोट अजून पाण्यात घातलेली नाही. ती मी एकटा घालणार नाही.

दादा

---

मस्कत
१२ नोव्हेंबर १९८१

दादा,

तुझं पत्र दिवाळी झाल्यावर मिळालं. खोलीत आम्ही नऊ जण आहोत, वाचायला जागा नसते म्हणून भांड्यांच्या मोरीत उभा राहून वाचलं. ‘जागा धरलीय’ पर्यंत आलो आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर कोणाला काही ऐकू जाऊ नये.

आता तुला ‘तुम्ही’ म्हणत नाही. ते मी लांब उभं राहायला म्हणत होतो. लांब उभं राहून झालं.

तुझ्या कानांना जे कळलं ते खरं. लाँचचा कारखाना वगैरे काही नाही. मी एका बांधकामाच्या कॅम्पात खाणावळीत आहे, चारशे माणसांची खाणावळ. रोज दोन पोती कांदा चिरतो. हाताखाली सहा माणसं नाहीत, मी त्या सहांच्या हाताखाली आहे. आलो तेव्हा सुतारकामाला म्हणून आलो होतो, इथे उतरल्यावर हातात सुरी मिळाली. तुझ्यावर रागावून आलेला माणूस कोणत्या तोंडाने लिहिणार की कांदा चिरतो? म्हणून तो फोटो काढला. शुक्रवारी सुट्टी असते, बंदरावर गेलो होतो, लाँच कोणाची होती देव जाणे.

तू बैठक कशी करतात विचारलंस तेव्हा मी रात्रभर हसलो. खंडेराव निमसे मला सीट विचारतोय! कशाला विचारतोस ते तेव्हाच कळलं होतं. मग मीही मुद्दाम चुकीचं लिहिलं. स्प्रिंगा लिहिल्या तेव्हा वाटलं, आता हा चिडून चार पानं लिहील. तू दोष स्वतःकडे घेतलास, तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

इथे कधी कधी कांद्याच्या पोत्यावर नाशिकचा शिक्का असतो. तसं पोतं आलं की मी ते दुसऱ्याला सोडू देत नाही. तळाला थोडी माती राहते, काळी. ती मी एका डब्यात साठवली आहे, डबा अर्धा झाला. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी आलं तर इथे कोणी विचारत नाही, एवढी या कामाची सोय आहे.

आणखी एक. तुझे कान तिखट आहेत, पण एक गोष्ट त्यांच्यातून निसटली. तुला एप्रिलमध्ये ते रागाचं पत्र टाकलं, त्याच दिवशी दुसरं पत्र मैनेला टाकलं. माझ्या अक्षरात. कांदा, फोटो, मुकादम, सगळं खरं लिहिलं. म्हटलं, एका माणसाला तरी पहिल्या पत्रापासून खरं कळू दे. तिचं उत्तर आलं: ‘आमच्या गावात कांदा पिकवणारे, विकणारे, साठवणारे सगळे आहेत, चिरणारा पुरुष एकही नाही. या.’ तेव्हापासून दर पंधरवड्याला तिचं पत्र येतं. तू त्या पोत्यावर दीड तास बसलास तेही मला तिच्याकडूनच आधी कळलं. तू उठला नाहीस, हे तिने दोनदा लिहिलं होतं.

मुकादमाने पासपोर्ट दिला आहे. वीस डिसेंबरला मुंबईला उतरतो, रात्रीच्या गाडीने नाशिकला येतो. रजा दोनच महिन्यांची आहे. करार अजून दोन वर्षं राहिला आहे, तो पुरा करावा लागेल. मैनेला ते लिहिलं आहे. तिने लिहिलं, पाच वर्षं कोणी न सांगता गेली, दोन सांगून जातील. आईला मात्र दोन महिन्यांचं मी आल्यावर सांगेन, तू आधी सांगू नकोस. तिला आधी बसू दे.

पहिल्या दिवशी विंचूरला जाऊ. तू दाराजवळ बस. दुसऱ्या दिवशी बोट दारणेला ने. मधल्या बैठकीवर तू, पुढे वहिनी, मागे आई आणि मैना.

मी काठावर उभा राहीन. दिवसातले आठ तास समुद्रावर, असं मी तुला लिहिलं होतं. पाच वर्षांत लाँचमध्ये एकदाच बसलो, ईदच्या सुट्टीत, खोलीतल्या सगळ्यांबरोबर. बंदर अजून दिसत होतं तोवरच मी दोनदा ओकलो.

दादा, मला बोट लागते.

तुझा,
सहादू